मदत हवी आहे: हलक्या जिगसाठी (वजनाचा हूक) स्पिनिंग रॉड फास्ट (टोकाकडेच वाकणारा) घ्यावा की एक्स्ट्रा फास्ट (अगदी शेंड्यालाच वाकणारा)?

बीडजवळच्या एका पाझर तलावावर, ठेकेदाराच्या परवानगीने, काठावरून मासे धरतो. मरळ आणि चिलापी. ३ ते ५ ग्रॅमचं जिगहेड, त्यावर बोटभर रबरी अळी, २५०० साइजचं रील, १० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे हूकजवळ ८ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर.

सध्याचा रॉड सहा फुटी, मीडियम पॉवर (म्हणजे दम), मॉडरेट ॲक्शन (म्हणजे कुठून वाकतो ते). निम्म्यापर्यंत वाकतो. अळी तळाला टेकली की नाही तेच हाताला कळत नाही. चिलापीने नुसतं चोखून सोडलेलं तर लांबच. झटका रॉडमध्येच जिरतो आणि मरळीच्या हाडाच्या जबड्यात हूक रुतत नाही. लीडर बारीक केला, हूकला धार लावली, फरक किरकोळ. मित्राचा एक्स्ट्रा फास्ट वापरून पाहिला: टोच लगेच कळते, पण काठाशी मरळ उसळली की हूक सुटतो, ड्रॅग (रीलमधून दोरी सुटण्याचा ताण) सैल ठेवूनही.

परदेशी व्हिडिओंत हलक्या जिगने बास (तिकडचा शिकारी मासा) धरायला बहुतेक जण मीडियम लाइट (मीडियमहून कमी पॉवर), फास्ट सांगतात. पण आपली मरळ लागली की थेट बेशरमाच्या झुडपात घुसते, तिला वळवायला रॉडमध्ये दम हवाच.

एकच रॉड घ्यायचाय. मोटारसायकलवर न्यायचा म्हणून दोन तुकड्यांचा, साडेसहा ते सात फुटी, ३ हजारांच्या आत. फ्रॉगसाठी (रबरी बेडूक) जाड रॉड वेगळा आहे, तो सुचवू नका.

मीडियम लाइट फास्ट घेतला तर टोच कळून मरळही आवरेल का, की पॉवर मीडियमच ठेवून फक्त ॲक्शन फास्ट करू?