भायखळ्याच्या तुरुंगातील प्लेगची लस : कैद्यांनी दिली ती संमती होती का?

शेवंती (धागाकर्ती)

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीतील गाठीच्या तापाचे रुग्ण प्लेगचेच आहेत, असे निदान मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. त्यानंतर जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत अवघ्या तीन-चार महिन्यांत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचण्यात आली, तर त्याहून थोड्या अधिक कैद्यांना ती दिली गेली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला आणि दोघेही वाचले.

लहानपणापासून ही कथा आपण अभिमानाने ऐकत आलो आहोत आणि तो अभिमान मलाही आहे. परंतु या कैद्यांना सरसकट ‘स्वयंसेवक’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. त्या महिन्यांत मुंबई रिकामी होत होती. ज्यांना शक्य होते ते कोकणात, देशावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून जात होते. कैद्याला तो मार्ग नव्हता. ज्याच्यापुढे कोठडीतला प्लेग आणि अनोळखी डॉक्टरची सुई एवढेच दोन पर्याय होते, त्याच्या होकाराला संमती कसे म्हणावे?

अनुस्वार

आपला मुद्दा गंभीर आहे, तरीही माझा त्याला विरोध आहे आणि त्याचे कारण आपल्याच मजकुरात आहे. तुरुंगातील निम्म्याहून अधिक कैद्यांनी लस घेतली नाही. सक्ती असती, तर हा दुसरा गट उरलाच नसता. नकार देता येत होता आणि तो दिला गेला, हाच संमतीचा सर्वांत भक्कम पुरावा नव्हे काय?

त्या काळाकडेही पाहावे. त्याच वर्षी पुण्यात सैनिक घराघरांत शिरून तपासणी करीत होते, माणसांना विलगीकरणासाठी नेत होते आणि त्या संतापातून २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वर्षात हाफकिन मात्र लोकांनी राजीखुशीने पुढे यावे यासाठी धडपडत होते. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून जंतू वाढवण्यासाठी गाईचे वा डुकराचे मांस टाळून त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस वापरला. नंतर रूढ झालेल्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी मात्रा, दहा घनसेंटिमीटर, त्यांनी आधी स्वतःच्या शरीरात घेतली आणि ताप व वेदना सोसल्या. माणसांवरील प्रयोगांसाठी स्वेच्छेची संमती आवश्यक ठरवणारी न्यूरेंबर्गची संहिता १९४७ ची आहे. तिच्या पन्नास वर्षे आधीच्या माणसाला तिच्या कसोटीवर नापास ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

शेवंती

नकाराचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो पुरेसा विचारात घेतला नव्हता. मात्र माझा आक्षेप हाफकिन यांच्या सचोटीवर नाही. त्यांच्या पश्चात आपण वापरत आलेल्या शब्दावर आहे. शिवाय उंढेऱ्याचे काय?

बडोद्याजवळच्या या गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देऊन उरलेल्यांना तशीच ठेवण्यात आले. ज्या २८ घरांत पुढे प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना तो झाला आणि ३ मृत्यू पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना झाला आणि २६ मृत्यू पावले. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी ‘२६’ पाशी थांबले आहे. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांपैकी कोणाला सुई टोचायची आणि कोणाला नाही, हे ठरले तेव्हा त्या घरातील सुनेला किंवा लहान मुलाला कोणी विचारले असेल का?

परळवासी

मी एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून काही वर्षे काम करीत आहे, म्हणून दोघांनाही थोडे उत्तर देतो.

अनुस्वार, तुरुंगात लस घेणारे आणि न घेणारे आपापल्या इच्छेने वेगळे झाले होते. जे पुढे आले ते कदाचित अधिक धडधाकट असतील, असा संशय त्यामुळे उरतो. म्हणजे ज्या नकाराला आपण संमतीचा पुरावा मानता, त्याच नकाराने शास्त्रीय निष्कर्ष कमकुवत केला. उंढेऱ्यात ही त्रुटी दूर झाली, कारण तेथे एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या माणसांची तुलना झाली. शेवंतीताई, ते २६ मृत्यू माझ्याही मनाला लागतात. पण लस किती उपयोगी आहे हे तेव्हा खात्रीने कोणालाच ठाऊक नव्हते आणि कोणता गट सुदैवी ठरणार हेही नाही. ती खात्री नसणे, हाच दोन गट करण्याचा एकमेव नैतिक आधार आजही मानला जातो.

परंतु घरातील कर्त्याने सर्वांच्या वतीने होकार देणे ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. तरीही सह्यांचा प्रश्न राहिलाच, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती, हे त्याचे उत्तर होत नाही.

अनुस्वार

खम्ममबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, कारण तेथे नियम होते आणि ते मोडले गेले. १८९७ मध्ये नियमच नव्हते. हा फरक पुसला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हाफकिन यांनी त्याची किंमतही मोजली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस दिलेले १९ लोक धनुर्वाताने मृत्यू पावले. संशय लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. प्रत्यक्षात मुल्कोवालमध्येच बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील दोष दूर झाला. १९२५ पासून परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव आहे.

शेवंती

ते नाव असलेच पाहिजे. पण मुल्कोवालची हकिकत आपणही हाफकिन यांच्या दुःखाची म्हणून सांगितलीत, आणि ती १९ माणसे पुन्हा एका आकड्यात राहिली. भायखळ्याच्या कैद्यांना ‘स्वयंसेवक’ न म्हणता ‘लस घेण्यास तयार झालेले कैदी’ असे लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

परळवासी

या शब्दयोजनेला माझा पाठिंबा आहे. त्यासोबत लस न घेतलेल्या कैद्यांचाही उल्लेख असावा, कारण त्यांच्यावाचून पहिल्या दीडशे जणांच्या जगण्यातून काहीच सिद्ध झाले नसते.