मदत हवी आहे: दोन दिवसांत हिमोग्लोबिन १३.८ चं ११.६ कसं झालं?

अनुजा_म
कोणीतरी प्लीज लवकर सांगा. आईचं सोमवारी हिमोग्लोबिन १३.८ होतं आणि पीसीव्ही ४२, आज बुधवारी ११.६ आणि ३५, दोन्हींपुढे खाली जाणारा बाण आहे. दोन दिवसांत एवढं रक्त गेलं कुठे? आणि पीसीव्ही म्हणजे नक्की काय, जुन्या एका कागदावर तिथे एचसीटी लिहिलंय, ते वेगळं असतं का? डॉक्टर राउंडला येऊन "ठीक आहे, बघू" म्हणून गेले, आता सकाळशिवाय भेटणार नाहीत. रक्त चढवावं लागेल का?

चातक
वय काय? ॲडमिट कशासाठी आहेत? दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे का? पीसीव्ही, एचसीटी, हिमॅटोक्रिट सगळं एकच, रक्तात लाल पेशींनी किती टक्के जागा घेतलीय ते.

माधवी६४
घाबरू नका, लोहाच्या गोळ्या आजच सुरू करा. माझं ९ होतं, तीन महिन्यांत १२ वर आलं. बायकांचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमियाच.

चातक
माधवीताई, १३ पुरुषांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा बायकांसाठी १२, गरोदरपणात ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५). आणि लोह कमी पडून हिमोग्लोबिन उतरतं ते आठवडे-महिने घेऊन, दोन दिवसांत नाही.

अनुजा_म
वय ६१, लॅब एकच. जुलाब-उलट्यांसाठी ॲडमिट केलं होतं, ते काल थांबलंय, त्याचा इथे काय संबंध? मी हिमोग्लोबिनचं विचारतेय.

निळा_आकाश
माझा अनुभव सांगतो. माझं कायम ११.९ असायचं आणि प्रत्येकाने लोहाच्या गोळ्याच दिल्या, चार वर्षं खाल्ल्या, काडीचा फरक नाही. शेवटी एकाने एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघितला, ६४, आणि आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या, मात्र ५.८, म्हणजे पेशी भरपूर पण बारीक. एमसीव्हीला आरबीसीने भागून १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) संशय घेतात, माझं ११ आलं, मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची तपासणी) केली त्यात ए२ हा प्रकार वाढलेला निघाला. आईंची एचपीएलसी करून घ्याच.

माधवी६४
त्यांनी थॅलेसेमियाचं विचारलेलं नाही. आणि गोळ्यांनी नुकसान तर होत नाही ना.

निळा_आकाश
चार वर्षं पोट बिघडलेलं होतं माझं. नुकसान होतं.

लॅबमधला
अनुजाताई, जुलाबाचाच संबंध आहे. तीन गोष्टी सांगा: सोमवारचं रक्त सलाईन लावायच्या आधी घेतलं का? तेव्हापासून किती बाटल्या गेल्या? दोन्ही दिवसांचे आरबीसी आणि प्लेटलेट किती?

अनुजा_म
सोमवारचं आल्या आल्या घेतलं, जीभ कोरडी पडली होती, उभं राहवत नव्हतं. सलाईन पाच-सहा बाटल्या झाल्या असतील, अजून चालूच आहे. आरबीसी ४.८ होता, आज ४.०. प्लेटलेट २ लाख ९० हजार, आज २ लाख ४४ हजार. म्हणजे प्लेटलेटपण कमी होतायत?? हे मी बघितलंच नव्हतं.

लॅबमधला
थांबा, हीच चांगली खूण आहे. हिमोग्लोबिन, पीसीव्ही, आरबीसी, प्लेटलेट चारही जवळपास एकाच प्रमाणात उतरलेत, साधारण सोळा-सतरा टक्के. पातळ झालेलं रक्त असंच दिसतं. हिमोग्लोबिनचा आकडा अंगात एकूण रक्त किती ते सांगत नाही, १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन किती ग्रॅम तेवढंच सांगतो, त्यामुळे पाणी घटलं की आकडा चढतो, पाणी भरलं की उतरतो आणि पेशी असतात तेवढ्याच.

पूर्वी आम्ही पीसीव्ही काचेच्या बारीक नळीत करायचो. नळीचं एक टोक बंद करून मशीनमध्ये पाच मिनिटं गरगर फिरवली की खाली लाल खांब, त्यावर पांढरट धाग्याएवढा थर आणि वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्याचा भाग. पट्टीवर लाल खांबाची उंची मोजायची, झालं. जुलाबाच्या पेशंटचा पिवळा भाग आखूड दिसायचा, सलाईननंतर लांब. आता बहुतेक मशीन पेशी मोजून त्याला त्यांच्या सरासरी आकाराने गुणतं, नळी दिसत नाही म्हणून लोकांना हे कळत नाही. हिमोग्लोबिन गुणिले तीन केलं की साधारण पीसीव्ही येतो, तुमचे दोन्ही दिवसांचे आकडे करून बघा, जुळतात.

तरी एक विचारतो, ज्या हातात सलाईन आहे त्याच हातातून आजचं रक्त घेतलं का? झोपलेलं असताना घेतलं का? आडवं पडल्यावरही आकडा थोडा उतरतो.

अनुजा_म
हात दुसरा होता. झोपलेलीच होती. पण आई गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेते, महिनाभर तरी, त्याने काही?

चातक
हे आधी सांगायचं ना! पेनकिलरने पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. शी काळी, डांबरासारखी होतेय का? चक्कर, छातीत धडधड?

अनुजा_म
नाही, रंग नेहमीचाच. नाडी ७८ लिहिलीय चार्टवर.

लॅबमधला
छान. तरी पेनकिलरचं सकाळी डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि रात्रीत काळी शी, रक्ताची उलटी किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न बघता नर्सला उठवा. पातळ होणं आणि रक्त जाणं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, ते आकड्यावरून मी इथून ठरवू शकत नाही. ताजा रक्तस्राव झाला तर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन उतरतही नाही, कारण पेशी आणि पाणी बरोबरच जातं. माधवीताई, म्हणूनच आज मनाने लोह नको, त्याने शी काळी होते आणि मग काय ते ओळखता येत नाही. रक्त चढवण्याचा विचार स्थिर पेशंटमध्ये साधारण ७ च्या खाली गेल्यावर करतात. आधीचा, बरं असतानाचा रिपोर्ट आहे का?

माधवी६४
काळ्या शीचं मला माहीत नव्हतं. काळजी घ्या अनुजा.

अनुजा_म
शुक्रवार. गेल्या वर्षीचा रिपोर्ट भावाने शोधला, हिमोग्लोबिन १२.५, पीसीव्ही ३८. आजचा आला, १२.३ आणि ३७, सलाईन काल सकाळी काढलं. म्हणजे सोमवारचं १३.८ च खोटं होतं, आणि मी तेच खरं धरून बसले होते. पेनकिलर डॉक्टरांनी बंद केली, शी तपासायला दिलीय. तुम्ही सगळ्यांनी रात्री उत्तरं दिलीत, खूप आधार वाटला.

निळा_आकाश
एमसीव्ही किती आहे पण?

अनुजा_म
८७.

निळा_आकाश
मग थॅलेसेमियाचं सोडा.