ईगल्सनी मिल्टन विल्यम्सला जाऊ दिलं ते बरोबरच केलं. कोणाला पटत नाही?

चेरीहिलकर
१४ जुलै २०२५

पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फिया ईगल्सचा कॅम्प सुरू होईल, त्याआधी हा वाद एकदाचा होऊन जाऊ दे. (धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. मेस्सीवाल्यांनी रागावू नये.)

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, आपण ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं. हाफटाइमलाच २४-० होतं. त्यांच्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्या महोम्सचे सहा सॅक, म्हणजे चेंडू फेकायच्या आत सहा वेळा आडवा. तेही एकदाही ब्लिट्झ न करता. त्याच्यावर जादा माणूस पाठवायची आपल्या डिफेन्सचे कोच फँजिओंना गरजच पडली नाही. पुढचे चार, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन, पुरले आणि मागचे सात पास अडवायला मोकळे राहिले. त्यात जॉश स्वेटचे अडीच सॅक, विल्यम्सचे दोन. मार्चमध्ये दोघंही गेले. विल्यम्स न्यू इंग्लंडला, चार वर्षांचे १० कोटी ४० लाख डॉलर. स्वेट ॲरिझोनाला, चार वर्षांचे ७ कोटी ६४ लाख. वर ब्रँडन ग्रॅहम पंधरा सीझन खेळून निवृत्त.

तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतक चालू आहे. मला ते कळत नाही. डिफेन्सिव्ह लाइन उन्हाळ्यात बांधतच नाहीत. मार्चमध्ये नुसती बिलं येतात. जॉर्डन डेव्हिसला २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) तेराव्या नंबरवर घेतला, तेव्हा संघात कॉक्स होता, हारग्रेव्ह होता, ग्रॅहम होता, आणि त्याच वर्षी संघाने ७० सॅक काढले. गरज काय होती? तरी घेतला. पुढच्या वर्षी जेलन कार्टर नवव्या नंबरवर, नोलन स्मिथ तिसाव्या, मोरो ओजोमो थेट सातव्या फेरीत. २०२४ च्या तिसऱ्या फेरीत जेलिक्स हंट, जो कॉर्नेलला असताना सेफ्टी (अगदी मागे पास अडवणारा) खेळायचा! आजची लाइन ही अशी आधीच घरात येऊन बसलेली आहे.

विल्यम्स गेल्या सीझनला जेमतेम निम्म्या प्लेना मैदानात होता. सॅक पाच. त्याला वर्षाला सरासरी २ कोटी ६० लाख म्हणजे यंदाच्या २७ कोटी ९२ लाखांच्या कॅपच्या (संघाच्या पगारांवरची मर्यादा) नऊ टक्क्यांहून जास्त. हे पैसे त्याला दिले तर हा सीझन संपल्यावर कार्टरचा एजंट दारात उभा राहील तेव्हा काय दाखवणार?

ब्रॉडस्ट्रीट_बंड्या

चेरीहिलकर, हिशेब चोख आहे, फक्त फुटबॉल राहिलं. विल्यम्स काय करायचा ते पाहा. समोरच्या लाइनचा मधला माणूस (सेंटर) आणि त्याच्या शेजारचा एक (गार्ड) मिळून कार्टरला दाबतात, कारण एकट्याने तो आवरत नाही. मग दुसऱ्या गार्डसमोर विल्यम्स एकटा उरतो. तो गार्डचा बाहेरचा हात खाली झटकतो, खांदा तिरका करून फटीत शिरतो आणि दोन पावलांत क्वार्टरबॅकच्या तोंडावर. क्वार्टरबॅकला मागे सरकायला जागा असते, बाजूला पळायलाही असते. समोरून माणूस आला की मात्र त्याचं सगळं गणित चुकतं. फायनलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये याच पठ्ठ्याने महोम्सच्या हातातून चेंडू सोडवला आणि स्वतःच त्यावर जाऊन पडला.

आता तिथे कोण? ओजोमो. पोरगा चांगला आहे, पण त्याला अजून पूर्ण सीझन कोणी दिलेला नाही. आणि कार्टर तर बाहेरच येत नाही. त्याच्या घोट्याला, टाचेला काहीही झालं की खेळ खलास. पहिली फळी तुमच्याकडे आहे हो, मान्य. लाइन दुसऱ्या फळीवर चालते, आणि ती तुम्ही मार्चमध्ये फुंकून टाकलीत.

डॅलसचा_दुष्ट

काउबॉइजचा माणूस आहे, मारू नका. पण दोघंही एक गोष्ट सोयीस्कर विसरताय. त्या दिवशी कॅन्सस सिटीची डावी बाजू ठिगळ लावलेली होती. जो थुनी मूळचा गार्ड, त्याला टॅकलला (गार्डच्या बाहेर, कडेला) उभा केला होता आणि त्याच्या जागी गार्डला कॅलिएंडो. अशा लाइनसमोर सहा सॅक काढून त्यावर दहा कोटींचे करार होतात ही न्यू इंग्लंडची हौस. २०२२ मध्ये ७० सॅक काढून त्याच महोम्ससमोर सुपर बोलमध्ये तुमचे किती होते? शून्य. ३८-३५ ने हरलात. एका मॅचवरून भाव ठरवू नये, ना चढा ना पडता.

फॉक्सबरोकर

आमची हौस आम्हाला लखलाभ! न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे यंदा कॅपमध्ये भरपूर जागा होती, तरुण डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सिव्ह लाइनच्या आतल्या भागातले) बाजारात येतच नाहीत, आला तो घेतला. महाग? असेल.

अवांतर: २०२१ च्या ड्राफ्टमधला तो व्हिडिओ आठवतो का? विल्यम्सला तिसऱ्या फेरीत घेतला, ईगल्सचा जनरल मॅनेजर हॉवी रोझमन खुशीत सगळ्यांशी मुठी टेकवत फिरतोय, आणि सल्लागार टॉम डोनाहो यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. घेताना तुमच्यात एकमत नव्हतं, आता सोडतानाही नाही.

मृण्मयी_साउथजर्सी

मी चेरीहिलकरांच्या बाजूने. बाहेरून माणूस विकत आणायचा प्रयोग आपण २०२४ मध्येच केला की. ब्राइस हफ, तीन वर्षांचे ५ कोटी ११ लाख. सीझनला अडीच सॅक आणि सुपर बोलच्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीतसुद्धा नाव नाही. यंदा सॅन फ्रान्सिस्को नाइनर्सच्या गळ्यात घातला तेव्हा सुटलो. बाहेरून आलेल्याला फँजिओंची पद्धत शिकायलाच वर्ष जातं.

मात्र एजची, म्हणजे लाइनच्या कडेला खेळणाऱ्यांची, काळजी मलाही वाटते. यंदा आणलेले ओजुलारी आणि जॉश ऊचे, दोघंही एकेका वर्षाच्या करारावर. ऊचेने २०२२ मध्ये साडेअकरा सॅक काढले होते, त्यानंतर काय? ओजुलारी निम्मा वेळ दुखापतीत. आत भक्कम आणि कडेला उसनवारी, असं दिसतंय.

रात्रीचा_प्रेक्षक (नाशिक)

मी सोमवारी पहाटे पाचला उठून फायनल पाहिली आणि मग ऑफिसला गेलो, त्यामुळे मलाही मत आहे. हे आयपीएलच्या पर्ससारखंच ना? रिटेन करायचे ते ठरवले, पर्स संपली, बाकीचे लिलावात. मग एवढी रडारड कशाला?

चेरीहिलकर

@रात्रीचा_प्रेक्षक, अर्धंच जुळतं. आयपीएलमध्ये दिलेला पैसा त्याच सीझनच्या पर्समधून जातो. इथे करारावर सही करतानाचा बोनस आज खिशात पडतो, पण कॅपच्या वहीत तो पाच वर्षांपर्यंत पसरून लिहिता येतो. रोझमन यात वस्ताद आहे. पुढे वर्षं अशी जोडतो की त्या वर्षी खेळाडू संघात नसणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. खेळाडू गेला की उरलेला आकडा एकदम अंगावर येतो. त्याला डेड मनी म्हणतात.

आणि जाणारा मोठ्या करारावर गेला की पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईचं पिक (निवडीची जादा पाळी) मिळतं, फार तर तिसऱ्या फेरीचं. विल्यम्स आणि हंट दोघंही तिसऱ्याच फेरीतले. चक्र असंच फिरतं.

ब्रॉडस्ट्रीट_बंड्या

म्हणजे पदरात पडलेला विल्यम्स सोडून तीन वर्षांनी विल्यम्स होईल अशी आशा घ्यायची. धन्य आहे. आपल्या क्वार्टरबॅकचं, हर्ट्सचं वय त्या तीन वर्षांत थांबणार आहे का? जिंकायची वेळ आज आहे.

मृण्मयी_साउथजर्सी

मे-जूनमधल्या सरावावरून ओजोमोचं कौतुक करणाऱ्या बातम्या फार आल्यात, त्या मी वाचत नाही. तिथे पॅड नसतात, अंगाला अंग लावायची परवानगीही नाही. रिसीव्हर कसा धावतो ते तसल्या सरावात कळेल, लाइनमनचं काय कळणार? त्याचा खेळच धक्काबुक्कीचा. कॅम्पमध्ये पॅड चढले की बोलू.

ब्रॉडस्ट्रीट_बंड्या
४ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय. जाणूनबुजून.

१. नोलन स्मिथ ट्रायसेप्सच्या दुखापतीने सप्टेंबरमध्येच बाहेर. ओजुलारी मांडीच्या स्नायूने बाहेर.
२. सप्टेंबरमध्ये घाईघाईने आणलेला झदॅरियस स्मिथ ऑक्टोबरमध्ये निवृत्त! सीझनच्या मध्यात!
३. मग निवृत्त झालेल्या ग्रॅहमला घरातून उठवून आणला.
४. जायंट्ससमोर टाचेमुळे कार्टर नाही आणि लगेच ३४-१७ ने हरलो. त्यांच्या स्काटेबोने मधून धावत तीन टचडाउन केले.
५. काल मायामीकडून जेलन फिलिप्स आणला. किंमत? २०२६ चं तिसऱ्या फेरीचं पिक. ज्या फेरीतल्या पिकाचं गाणं चेरीहिलकर जुलैमध्ये गात होते, तेच.

चेरीहिलकर

पाचातले चार मुद्दे एजचे आहेत. माझा धागा विल्यम्सबद्दल होता, जरा वर जाऊन वाचा. आत ओजोमो व्यवस्थित खेळतोय. आणि जॉर्डन डेव्हिस विसरलात वाटतं? उन्हाळ्यात वजन उतरवून आला आणि सप्टेंबरमध्ये रॅम्सची शेवटच्या क्षणाची किक अडवून ६१ यार्ड पळाला, टचडाउन. ३३-२६. तो माणूस दोन वर्षांपूर्वी एका ड्राइव्हमध्ये (समोरच्या संघाच्या एका सलग चढाईत) दमायचा. विल्यम्स ठेवला असता तरी कडेला हीच बोंब झाली असती. स्वेटबद्दल म्हणाल तर थोडं ऐकून घेईन.

ब्रॉडस्ट्रीट_बंड्या

मग ऐकाच. स्वेट तिकडे ॲरिझोनात सॅक काढतोय.

आणि जायंट्सवाला मुद्दा आतलाच होता. कार्टर नसताना मधली भिंत पडली. त्या रात्री विल्यम्स असता तर?

फॉक्सबरोकर

विल्यम्स आमच्याकडे सुखात आहे, जिंकतोय. निरोप द्यायचा असेल तर सांगा.

मृण्मयी_साउथजर्सी

फिलिप्सचा करार याच सीझनपुरता आहे. म्हणजे मार्चमध्ये पुन्हा हाच धागा: त्याला पैसे द्यायचे की कार्टरसाठी राखून ठेवायचे? बंड्या, यावेळी तुम्ही आधी आकडा सांगा. वर्षाला किती देणार?