चार-पाच माणसांचं घर सर्वांत समाधानी? विदा (आकडेवारी) काय म्हणतो, तुम्ही काय म्हणता?

सातवा मजला (धागाकर्ता)

मार्च उजाडला की जागतिक आनंद अहवाल येतो, आपला नंबर पाकिस्तानच्या खाली दिसतो आणि दोन दिवस सगळे मिळून हसतात किंवा चिडतात. २०२५ च्या यादीत १४७ देशांत आपण ११८ वे, फिनलंड लागोपाठ आठव्यांदा पहिला. ते सोडा. त्याच अहवालात कुटुंबावर एक प्रकरण आहे, त्याबद्दल मला कुठे चकार शब्द दिसला नाही. मेक्सिको आणि युरोपातली घरं तपासली तर चार-पाच माणसांच्या घरात राहणारे सर्वांत समाधानी निघाले. यादीत कोस्टा रिका सहावा, मेक्सिको दहावा. जर्मनी आणि अमेरिका त्यांच्या बऱ्याच मागे. पैशात मोजलं तर चित्र नेमकं उलटं.

रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच दाखवलं होतं, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न वाढत गेलं, पण सरासरी समाधान होतं तिथेच राहिलं. आणि आपण काय करतोय? पगारापायी आधी पुणे, मग बंगळुरू, मग टोरांटो; आईवडील गावी, मूल पाळणाघरात, आणि शनिवारी पैसे भरून मनःशांतीचं शिबिर. एकत्र कुटुंब मोडीत काढलं, तिथेच घोडं पेंड खातंय असं माझं मत. विरोध जरूर करा, पण आकड्यांसकट.

भागिले दोन

घ्या आकडे. ईस्टरलिनची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच लेखात, एका देशाच्या आत बघितलं तर श्रीमंत माणूस गरिबापेक्षा समाधानी असतो, हेही आहे. पुढे २००८ मध्ये बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी कितीतरी जास्त देशांचे आकडे घेऊन दाखवलं, की देशादेशांतही तसंच आहे: श्रीमंत देशांतले लोक गरीब देशांतल्यांपेक्षा समाधानी.

पण खरी अडचण वेगळी. चार-पाच जणांच्या घरातले लोक समाधानी आहेत, म्हणून ते घरामुळे समाधानी आहेत हे कुठे सिद्ध झालं? जर्मनीत १९८४ पासून त्याच त्याच लोकांना दरवर्षी गाठून विचारतात, की ० ते १० मध्ये आयुष्याबद्दल किती समाधानी आहात. त्यावरून स्टुट्झर आणि फ्राय यांनी २००६ मध्ये मांडलं, की पुढे लग्न करणारे लोक लग्नाआधीपासूनच, कधीच लग्न न करणाऱ्यांपेक्षा समाधानी असतात. त्याच माहितीवर रिचर्ड लुकस आणि सहकाऱ्यांचं काम आहे: लग्नाच्या सुमारास समाधानाचा आलेख वर चढतो आणि सरासरी दोनेक वर्षांत मूळ पातळीवर येऊन बसतो. ज्यांची नोकरी गेली त्यांचा मात्र, दुसरी नोकरी लागल्यावरही, पूर्वीइतका वर येत नाही. तेव्हा बंगळुरूच्या नोकरीला नावं ठेवताना जरा जपून.

मधली सून

धागाकर्ते, त्याच अहवालात जेवणावरही एक प्रकरण आहे. आठवड्याची दोन वेळची १४ जेवणं, त्यातली किती ओळखीच्या माणसासोबत झाली? लॅटिन अमेरिकेत जवळजवळ ९. दक्षिण आशियात ४ सुद्धा नाहीत. घरं आपली भरलेली, पंगत मात्र नाही! कारण अहवालात नसेल, पण आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि ओटा आवरून झाल्यावर सून, या क्रमाने जिथे ताटं वाढली जातात तिथे ते शोधायला लांब जावं लागत नाही.

'समाधानी आहात का' याचं उत्तर कोण देतंय आणि त्या माणसाला काय बोलायची सवय लावलेली आहे, हे न बघता काढलेल्या सरासरीवर माझा विश्वास नाही. अमर्त्य सेन एक जुना दाखला देतात. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळ सिंगूर भागात विधुरांना आणि विधवांना तब्येतीबद्दल विचारलं. 'आजारी' किंवा 'यथातथा' म्हणणारे विधुर ४८.५ टक्के. विधवा किती? २.५ टक्के. 'यथातथा' म्हणणारी तर एकही नाही. दुष्काळातून वाचलेल्या त्या बायका नवऱ्यामागे ठणठणीत होत्या, असं इथे कुणाला वाटतं का?

आणि राबतं कोण तेही बघा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला २०२० चा एक अभ्यास सांगतो, की सासूसोबत राहणाऱ्या सुनांना घराबाहेर जवळच्या मैत्रिणी कमी असतात, आणि मैत्रिणी कमी म्हणून कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यापर्यंत पोचणंही कमी. हेही 'एकत्र कुटुंब'च बरं का.

डावा कालवा

+१. टाळ्या.

काकडआरती

ताई, म्हणजे बाई 'समाधानी आहे' म्हणाली की तिला कळत नाही, आणि 'नाही' म्हणाली की खरं बोलते? अशाने कुठलंही सर्वेक्षण तुमच्या विरोधात जाणंच शक्य नाही.

उलट्या बाजूच्या 'संशोधना'चीही मौज ऐका. २०१९ मध्ये लंडनचे प्राध्यापक पॉल डोलन यांनी जाहीर सांगितलं, की बिनलग्नाच्या, बिनमुलांच्या बायका सर्वांत सुखी. जगभर मथळे. आधार काय, तर नवरा समोर असेपर्यंत बायका सुखी असल्याचं सांगतात आणि तो खोलीबाहेर गेला की खरं बोलतात. प्रत्यक्षात त्या अमेरिकन पाहणीत 'जोडीदार अनुपस्थित' याचा अर्थ जोडीदार त्या घरात राहतच नाही, असा होता. चूक दाखवल्यावर दुरुस्ती झाली. मथळे मात्र अजून व्हॉट्सॲपवर सुखाने नांदताहेत.

मधली सून

डोलनचं हसं झालं ते बरंच झालं. पण मग तोंडी उत्तरं बाजूला ठेवा, माणसं काय करतात ते बघा. अमेरिकेत एकेका राज्याने जोडीदाराच्या संमतीशिवाय घटस्फोट घेता येईल असे कायदे केले. जिथे केले तिथे बायकांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या, असं २००६ मध्ये स्टीव्हनसन-वुल्फर्स यांनीच दाखवलं. पुरुषांच्या आत्महत्यांत फरक नाही. इथे कुणाला 'समाधानी आहात का' विचारावं लागलं नाही.

ऱ्हाइनकाठ

कोलोनहून लिहितेय. मुलांचा विषय अजून निघालाच नाही. मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने लिहून घेतला होता. त्यात मुलांना सांभाळण्याचे क्षण आनंदाच्या बाबतीत टीव्ही बघण्याच्या आणि स्वयंपाकाच्याही खाली होते. आईपणाच्या कवितांवर वाढलेल्या मला ते वाचून हसूच आलं.

मात्र हे सगळीकडे सारखं नाही. जेनिफर ग्लास यांनी २०१६ मध्ये २२ देश ताडून बघितले. मुलं असलेले नसलेल्यांपेक्षा कमी सुखी, ही दरी अमेरिकेत सर्वांत मोठी, आणि पगारी रजा, स्वस्त पाळणाघर, लवचीक वेळ जिथे आहे तिथे ती मिटते किंवा उलटतेसुद्धा. धागाकर्त्यांनी पाळणाघराला शिबिराच्या पंगतीत बसवलंय. इथे माझं मूल तिथेच वाढतंय, आणि संध्याकाळी आम्ही दोघं चिडचिड न करता घरी असतो, याचं श्रेय मी त्या पाळणाघराला देते.

निवृत्त तलाठी

तुम्ही बहुतेक सगळे चाळिशीच्या अलीकडचे दिसता. मार्गोलिस आणि मिर्स्किला यांचा ८६ देशांवरचा २०११ चा अभ्यास काढा. चाळिशीच्या आत मुलं वाढतात तसं समाधान उतरतं, हे खरं. चाळिशीनंतर ते चित्र राहत नाही, आणि जिथे म्हातारपणी सरकार विचारत नाही तिथे मुलांचाच आधार. आपल्याकडे काय आहे? श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये. त्यात ऐंशीच्या आतल्या माणसासाठी दिल्लीहून येतात २००. बँकेचा शिपाईसुद्धा वर बघत नाही तेवढ्यासाठी.

मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात ७२ हजारांवर माणसांची पाहणी केली. एकटे राहणारे म्हातारे, बायको-मुलांत राहणाऱ्यांपेक्षा कमी समाधानी निघाले. आमच्या भागात दर तिसऱ्या वाड्याला कुलूप नाहीतर एक म्हातारी आहे. तिला निवडीचा परिणाम (मुळात समाधानी माणसंच लग्न करतात), जुळवून घेतलेली पसंती (सवयीने 'बरं आहे' म्हणणं) वगैरे समजावून सांगायला जा कुणीतरी.

सातवा मजला (धागाकर्ता)

काकांनी मांडलं तेच मला म्हणायचं होतं. भागिले दोन, जर्मन माणसाचा आलेख लग्नानंतर खाली येतो म्हणून सांगलीतल्या माणसाचाही येतो, हे तुम्ही तरी कुठे सिद्ध केलंत?

भागिले दोन

नाही केलं. आपल्याकडे त्याच त्याच लोकांना चाळीस वर्षं दरसाल कुणी विचारलेलंच नाही. पण म्हणून मेक्सिकोचं घर सांगलीला लागू होतं का?

मधली सून

काका, म्हातारीच्या एकटेपणाबद्दल वाद नाही. पण देवनारच्या त्या पाहणीत मुलाखत कुणाची घेतात? ४५ च्या वरच्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची. त्याच घरात त्यांचं पथ्यपाणी बघणारी सून तिशीची असेल तर तिला प्रश्नच विचारत नाहीत.

काकडआरती

मग विचारा की तिलाही. फक्त 'समाधानी आहे' म्हणाली तर लगेच सिंगूर काढायचं नाही, एवढं आधी ठरवून घेऊ.