प्रतिसाद: आधी पेन्सिल, मग काळा मार्कर

खोडकविता म्हणजे छापील पानावरचे बरेच शब्द झाकून उरलेल्या शब्दांतून केलेली कविता. त्यासाठी मुलांना आवडत्या कवितेचंच पान द्यावं, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. कवितेतली कविता मुलांना आयती मिळते. त्यापेक्षा विज्ञानाचं रुक्ष पान द्या. 'मुळे मातीतून पाणी शोषतात आणि ते पानांपर्यंत पोहोचते' हे साधं वाक्य घ्या. 'मातीतून'मधला 'तून' झाका, 'मुळे' आणि मधले शब्दही झाका. उरतं: 'माती पानांपर्यंत पोहोचते'. हे कळल्यावर मुलं प्रत्येक ओळ संशयाने वाचायला लागतात, आणि मला तेच हवं असतं!

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून शब्दाचा तुकडा झाकायची मुभा द्यायलाच हवी. नाहीतर कर्ता-क्रियापद जुळता जुळत नाही आणि मुलं वैतागतात. शब्दांचा क्रम मात्र बदलायचा नाही.

मार्कर सगळ्यात शेवटी. आधी ठेवायच्या शब्दांभोवती पेन्सिलने गोल, मग मोठ्याने वाचन. पानाच्या दोन-तीन झेरॉक्स द्याव्यात. चित्रकार टॉम फिलिप्स यांनी १९६६ मध्ये एका जुन्या कादंबरीची पानं रंगवायला घेतली आणि तीच पानं पुढे कित्येक दशकं नव्याने केली. मुलांनाही दुसरी संधी मिळू दे. मूळ लेखकाचं नाव खाली लिहायला सांगाच.