जुने स्टुडिओ लाईट नव्या पोरांच्या गळ्यात का मारता?

परभणीकर
नांदेडच्या काकांनी काल लिहिलं : "नव्या पोरांनी जुनेच लाईट घ्यावेत, डोळे झाकून. फोटो स्टुडिओ बंद पडूलालेत, चार हजारात ४०० वॅट-सेकंद ताकदीचा फ्लॅश लाईट मिळतो. नव्यात पैसे घालणं मूर्खपणा आहे." रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

डोळे झाकून मी घेतले होते, काका. २०१४ साली एका बंद स्टुडिओतून साडेसात हजाराला जोडी आणली. कॅमेरा आईच्या भिशीच्या पैशातून घेतलेला. बटण दाबलं की लाईट पेटवणारी सिंकची वायर थेट कॅमेऱ्याला लावली, चौथ्या फ्लॅशला कॅमेरा मुका झाला. दुरुस्तीवाल्यानं लाईट चालू करून सिंकच्या टोकांना मीटर लावला : दोनशेच्या वर व्होल्ट! फिल्मच्या कॅमेऱ्यात नुसते धातूचे संपर्क असायचे, ते असलं सहन करायचे. डिजिटलचं सर्किट करत नाही.

दुसरा लाईट तीन वर्षं माळ्यावर पडलेला होता. मी लावला आणि थेट फुल पॉवर. आतला वीज साठवणारा कपॅसिटर फाटकन गेला, खोलीभर वास. पडून राहिलेला लाईट आधी सगळ्यात कमी पॉवरवर तासभर ठेवायचा, मग हळूहळू चढवायचा, हे विकणाऱ्याला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. राग त्याचा आहे.

नांदेडचे काका
चूक लाईटची की तुझी? वायर लावायला कुणी सांगितलं होतं? बिनवायरीनं फ्लॅश पेटवणारा हजार-दीड हजाराचा रेडिओ ट्रिगर लावला की कॅमेऱ्याचा आणि लाईटचा वायरीनं संबंधच राहत नाही. तेवीस वर्षं स्टुडिओ चालवतोय मी. माझा जुना लाईट अजून रोज पासपोर्ट फोटो मारतो, एक ट्यूब बदलली तेवढीच. लाईट बनवणारी बोवेन्स कंपनी २०१७ला बंद झाली, पण तिचा माउंट, म्हणजे पुढं सामान अडकवायची कडी, आजही गोडॉक्स कंपनीच्या नव्या लाईटांवर आहे. माझे जुने सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारे कापडी डबे, त्या सगळ्यांवर बसतात. जुनं म्हणजे भंगार नव्हे.

लातूरची ताई
दोघांचंही अर्धं खरं आहे. स्टँड, छत्री, सॉफ्टबॉक्स, पांढरा पडदा हे जुनं खुशाल घ्या. त्यात जळून जाईल असं सर्किट नाही. ट्रिगर नवा घ्या. लाईट घेताना ट्यूबची टोकं काळी पडलीत का बघा आणि पांढऱ्या भिंतीवर एकाच सेटिंगला तीस फ्लॅश मारा. उजेड किंवा रंग फोटोगणिक बदलला, तर उठून या.

मी डोहाळजेवणं आणि बाळांचे फोटो करते. पहिला लाईट घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या, त्यांना दाखवतो." पैसे माझे, काम माझं. तीस फ्लॅश मारू देईना. मी तशीच परत आले आणि दुसरीकडून घेतला. आपल्याकडं पोरींना हा धंदा कुणी शिकवत नाही, त्यावर एक शब्द लिहीत नाही कुणी.

बीडकर
लाईट जुना का नवा यावर भांडूलालात, पण गावात लाईट असते का ते बोला! ऊसतोडीहून माणसं परतली की उन्हाळ्यात लग्नांची रांग लागते. मांडवात संध्याकाळी कूलर, डीजे, पिठाची गिरणी सगळं एकाच डीपीवर. व्होल्टेज १८०. माझा जुना लाईट तिथं रडतो. वर पैसे सोयाबीन विकल्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाचे अजून आले नाहीत, आणि मी काय लाईट बदलू?

परभणीकर
भाऊ, हेच काकांना सांगा. जुन्या बऱ्याच लाईटांत व्होल्टेज सांभाळणारं सर्किटच नसतं. फ्लॅशची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते. २३०चे १८० झाले की उजेड जवळपास चाळीस टक्के कमी, म्हणजे पाऊण स्टॉप गेला (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा). नवरीचा एक फोटो उजळ, पुढचा काळपट. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोग्राफरला येत नाही.

नांदेडचे काका
मग स्टॅबिलायझर लाव ना! आम्ही जनरेटरवर लग्नं काढली, तेव्हा तू शाळेत होतास. तुमच्या पिढीला सगळं तयार पाहिजे.

परभणीकर
तयार नको, खरं पाहिजे. तेवीस वर्षांत किती पोरांना मीटर लावून दाखवला, ते सांगा.

जालनेकर
शाळा काढू नका, काका. तो कामाचं बोलतोय. स्टॅबिलायझर लावाल, पण लाईट गेल्यावर काय? घरगुती इन्व्हर्टरवर मोठा फ्लॅश चार्ज होताना एकदम करंट ओढतो. झटके देत वीज सोडणाऱ्या स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर मी लाईटचा एक बोर्ड घालवलाय. शेवटी बॅटरीचा २०० वॅट-सेकंदाचा घेतला, मांडवात तोच तारतो. पण बॅटरीचा लाईट जुना घेऊ नका. बॅटरी म्हातारी झालेली असते आणि नव्या बॅटरीच्या किमतीनं सौदा फसतो.

बीडकर
आमच्याकडं चार्जिंगलासुद्धा रात्र जागावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

उदगीरचा नवा
दादा, ताई, माझ्याकडं एकूण दहा हजार आहेत. १० बाय १२ची खोली, पासपोर्ट आणि वाढदिवस. देगलूर रोडवर एकजण दोन लाईट आठ हजाराला देऊलालाय. घेऊ का?

लातूरची ताई
एवढ्या खोलीत एकच पुरे. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी कर. उरलेल्यात ट्रिगर आणि चांगला स्टँड येईल.

नांदेडचे काका
त्याला विचार, शेवटचा कधी पेटवला होता. उत्तर देताना घुटमळला तर नको घेऊस. आणि खोलून बघायचं नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका करंट उरतो.

"डोळे झाकून" हा शब्द मी मागं घेतो. घाईत लिहिला. परभणीच्या पोराचा कॅमेरा गेला, आईचे पैसे होते, वाईट वाटलं. पण जुना लाईट वाईट, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

परभणीकर
मीही तसं म्हणालो नाही. दाखवल्याशिवाय विकू नका, एवढंच म्हणणं आहे. उदगीरच्या भावा, रविवारी मी लातूरला येतोय, तिथून उदगीर दूर नाही. मीटर माझ्याकडं आहे. मी येईपर्यंत इसार देऊ नकोस.

उदगीरचा नवा
दादा, पाचशे कालच दिलेत.