मदत हवी आहे: विद्यार्थी परवान्यावर काकांचं काम केलं तर चालतं का? आणि हे फुकट देतात तरी का?

माग_काढणारा

नमस्कार मंडळी,

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ईमेलवर जेटब्रेन्सचा (कोड लिहायची सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विद्यार्थी परवाना आणि गिटहबचा (कोड ठेवायची साइट) स्टुडंट पॅक, दोन्ही मिळाले आहेत. एक रुपया लागला नाही.

आमच्या काकांचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. सूत किती आलं, कुठल्या मागावरून किती मीटर कापड उतरलं, सगळा हिशेब अजून वहीत. ते म्हणाले, कॉम्प्युटरवर करून दे, पैसे देतो. जेटब्रेन्सच्याच इंटेलिजे आयडियामध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) जावा भाषेत करावं म्हणतोय, पण अबाउटच्या खिडकीत माझ्या नावाखाली 'फॉर एज्युकेशनल यूज ओन्ली' असं लिहिलंय. काकांचं काम यात बसतं का?

दुसरा प्रश्न काकांचाच. "फुकट कोण कशाला देईल? पुढं बिल येतंय बघ." त्यांना काय सांगू?

कोडगा

पहिल्याचं उत्तर: नाही बसत. विद्यार्थी परवाना बिगर-व्यावसायिक कामासाठी असतो. शिकायला, प्रोजेक्टला, स्पर्धेला खुशाल वापर. काका पैसे देणार आणि कारखाना त्यावर चालणार म्हटल्यावर तो धंदा झाला, घरातला असला तरी. पण अडलंय कुठे? आयडियाचा गाभा 2009 पासून मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, त्यावर धंद्याचं काम करायला आडकाठी नाही. साध्या जावा प्रोग्रामला तेवढं पुरून उरतं.

आता काकांचं. बिल येतं, पण तुला नाही. उद्या तुला नोकरी देणाऱ्याला. विद्यार्थ्याच्या खिशात पैसे नसतातच, त्यामुळे त्याला फुकट दिल्याने बुडतं काहीच नाही. आणखी एक कॉपी उतरवून द्यायला कंपनीला जवळजवळ शून्य खर्च. नाही दिलं तर पोरगं चोरीची कॉपी आणणार किंवा प्रतिस्पर्ध्याचं शिकणार. बिल गेट्स 1998 साली चीनमधल्या चोरीच्या कॉप्यांबद्दल जाहीरपणे म्हणाले होते की चोरायचंच असेल तर आमचं चोरा. दहा वर्षांनी, 2008 मध्ये, गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टने ड्रीमस्पार्क योजना आणून व्हिज्युअल स्टुडिओ हे आपलं कोड लिहायचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना रीतसर फुकट दिला.

चार वर्षं बोटांना एकच शॉर्टकट बसले की नोकरीत गेल्यावर माणूस तेच मागतो. आमच्याकडे नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात मॅनेजरकडे हीच मागणी. माणशी परवाना, दरवर्षी नूतनीकरण, पैसे कंपनीचे. कमाई तिथे आहे.

टी_स्क्वेअर

आमच्या मेकॅनिकलमध्ये हे फार जुनं. पूर्वी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीत काढलेलं ड्रॉइंग छापलं की कागदाच्या कडेने 'स्टुडंट व्हर्जन'चा शिक्का यायचा. मजा म्हणजे त्या फाइलमधला एखादा बोल्टचा ब्लॉक (तयार आकृती) ऑफिसच्या ड्रॉइंगमध्ये चिकटवला की ते ड्रॉइंगही बाटायचं! गिऱ्हाइकाकडे प्रिंट गेल्यावर कळायचं कुणीतरी घरून काम करून आणलंय.

शेंगदाणा_चटणी

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन याची तुलना तंबाखू कंपन्यांनी पोरांना फुकट सिगारेटी वाटण्याशी करतात. शाळा-कॉलेजात फक्त मुक्त सॉफ्टवेअर असावं हे त्यांचं म्हणणं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तेच करतोय: गणिती कामाला विकतच्या मॅटलॅबऐवजी मुक्त सायलॅब, सर्किटसाठी ईसिम. @माग_काढणारा, तिकडे बघ, परवान्याची भानगडच नाही.

कोडगा

@शेंगदाणा_चटणी, सिगारेटने नोकरी लागत नाही हो. फॉसीबद्दल +1, पण मुलाखतीत जे विचारतात ते पोरांना यायला नको? आपल्याकडे कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सी या जुन्या कोडिंग सॉफ्टवेअरची निळी खिडकी उघडते, 1990 च्या आसपासची, तीही डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर). त्यापेक्षा कंपनीच्या स्वार्थातून मिळालेलं चालू हत्यार मला बरं वाटतं. फक्त एकाच हत्याराला चिकटू नये. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, शिका, म्हणजे एडिटर कुठलाही असला तरी अडत नाही.

माग_काढणारा

धन्यवाद सगळ्यांना. काकांचं काम मुक्त आवृत्तीवरच करतो, प्रोजेक्ट विद्यार्थी परवान्यावर. एक शेवटचं. अझूरवर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) विद्यार्थ्यांना कार्डाशिवाय 100 डॉलरचं क्रेडिट मिळतं. काकांचा डेटाबेस तिथे ठेवू का?

कोडगा

अजिबात नको. क्रेडिट संपलं की खातं बंद पडतं, आणि ऐन दिवाळीच्या मालाच्या वेळी काकांना स्टॉक दिसणार नाही. एक कारखाना, एक मुनीम; त्यांच्याच कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस (मुक्त डेटाबेस) टाक आणि रोज रात्री पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायला लाव. आणि पैसे आधी ठरवून घे, काका असले तरी.

माग_काढणारा

😀 ठरलेत. अर्धे आधी.